पत्रकारिता सोडून घरचा कॅम्प: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगते. मी नाशिकला एका मराठी दैनिकात आधी रिपोर्टर आणि नंतर डेस्कवर होते. आता अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला सासरच्या शेतावर आम्ही घरचेच सगळे मिळून टेंटचा कॅम्प चालवतो. जुने सहकारी, त्यांचे मित्र, मित्रांचे मेहुणे असे सगळे मेसेज करतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. कायद्याचं जे आहे ते माहिती म्हणून वाचा, कागद करताना मात्र तालुक्यातला वकील गाठा, शहरातला नको, त्याला इथल्या भानगडी माहीत नसतात.

पत्रकारिता का सोडली? पगारामुळे का?

पगार होताच. मजिठिया वेतन आयोग (पेपरात काम करणाऱ्यांच्या पगारासाठीचा) २०११ ला नोटिफाय झाला, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला, पण तोवर आमच्यातले बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर गेलेले, त्यामुळे आयोगाची बातमी आम्हीच लावायची आणि आम्हीच हसायचं असं चालायचं. पण खरं कारण रात्रपाळी. शहर आवृत्तीची पानं छपाईला सुटेपर्यंत दीड वाजायचा, घरी येऊन झोपायला तीन, आणि मुलगी शाळेत जाते तेव्हा आई झोपलेली. त्यात सासऱ्यांना शेत झेपेना, दीर एकटेच बघत होते. पेपरवर राग वगैरे काही नाही, अजूनही सकाळी पहिलं मी पान एकचं हेडिंगच बघते आणि मनातल्या मनात बदलते.

नक्की काय चालवता? रिसॉर्ट आहे का?

नाही. भाताची खाचरं आहेत, थोडी नाचणी-वरई आहे, वरच्या मोकळ्या पट्टीवर टेंट लागतात, पावसाळ्यासाठी साध्या खोल्या आणि एक मोठी पडवी आहे. स्विमिंग पूल नाही, एसी नाही. जेवण सासूबाई आणि जाऊबाईंच्या हातचं, शेत आणि गाड्यांचं पार्किंग दीर बघतात, नळ-लाइट-दुरुस्ती नवरा, आणि फोन, बुकिंग, हिशोब, कागदपत्रं माझ्याकडे.

माझ्याकडे जमीन नाहीये. भंडारदऱ्याला विकत किंवा भाड्याने घेऊन सुरू करता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि याच्यातच लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा लांबण लावते. पहिली गोष्ट, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कूळकायद्याचं कलम ६३ बघा. तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर कुठेतरी सातबारा असेल तर पुढचं बोलणं. दुसरी गोष्ट, तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात बरीचशी जमीन आदिवासी खातेदारांची आहे आणि ती बिगर-आदिवासी माणसाला सरळ घेता येत नाही. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ आहे, पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला आधी कलेक्टरची मंजुरी लागते आणि विक्रीला तर त्याच्यावर राज्य सरकारची. ‘स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, सगळे तसंच करतात’ असं सांगणारा एजंट भेटला की चहा पिऊन उठायचं. तो कागद उद्या कोर्टात टिकत नाही, आणि गेली तर जमीन गरिबाची जाते हेही डोक्यात असू द्या, आपण याच्या बातम्या केलेल्या आहेत.

तिसरी गोष्ट, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासूनचं आहे आणि बरीच गावं त्याच्या आत किंवा कडेला येतात. गट नंबर घेऊन आधी वनखात्याकडे जा, बांधकामाचा विचार त्याच्यानंतर. आणि चौथी, पाण्याला अगदी लागून असलेली जी सुंदर सपाट जागा तुम्हाला फोटोत दिसते ना, ती बहुतेक वेळा धरणाच्या संपादित जमिनीत असते, तिच्यावर कोणाचाही सातबारा नसतो, तरी ती भाड्याने द्यायला माणसं तयार असतात.

जमीन घरचीच आहे, पण सातबाऱ्यावर काका, आत्या सगळ्यांची नावं आहेत. चालेल का?

चालेल, पण संमती लेखी घ्या आणि ती धंदा सुरू व्हायच्या आधी घ्या. पहिला टेंट लागेपर्यंत त्या पडीक पट्टीकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि शनिवारी चार गाड्या उभ्या दिसल्या की मुंबईचे काका दिवाळीला येतात आणि हिशोब विचारतात. विचारणारच, त्यांचा हिस्सा आहे. आमच्याकडे सासऱ्यांनी आत्यांना आणि चुलत सासऱ्यांना बोलावून, जेवायला घालून, मग तलाठ्याकडचा नकाशा समोर पसरून कोणती पट्टी कॅम्पला आणि कोणती शेतीला हे ठरवलं, कोणाला वर्षाला किती तांदूळ आणि नफ्यातले किती टक्के तेही त्यात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वाटणी झाली नसली तर पक्कं बांधकाम करूच नका, कारण मोजणीत खोल्या दुसऱ्याच्या हिश्श्यात गेल्या तर भावकीत बोलणं बंद होतं. टेंट उचलून हलवता येतो, संडासाची टाकी हलवता येत नाही.

एनए (जमीन बिगरशेती) करावी लागते का? कृषी पर्यटनाचं काय?

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं. कमीत कमी एक एकर शेती पाहिजे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, पहिल्या वेळची फी २५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी जरूर करा, बँकेत आणि सरकारी ऑफिसात त्या सर्टिफिकेटचा उपयोग होतो. पण नोंदणी म्हणजे बांधकामाची परवानगी असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदलतायत त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून ठरवू नका, तहसीलमध्ये जाऊन चालू परिपत्रक कोणतं ते विचारा. आणि शेती चालू ठेवा राव, कृषी पर्यटन म्हणायचं आणि शेतात नुसती लॉन, याला काही अर्थ नाही.

बाकी लायसन्स कोणती?

जेवण देता म्हणजे एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, १४ आकडी नंबर मिळतो तो बिलावर आणि भिंतीवर लावायचा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. पोर्टलवरून आलेल्या बुकिंगचं वेगळं आहे, तुमची नोंदणी नसली तरी राहण्याच्या बिलावरचा जीएसटी पोर्टलच भरतं, त्यामुळे हिशोबात दोन वह्या ठेवल्या तर बरं पडतं. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, पोलीस ठाण्याला कळवणं, प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि रजिस्टर. विदेशी पाहुणा राहिला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. तुमच्या मित्राचा अमेरिकेतला भाऊ असला तरी पासपोर्ट तिकडचा असेल तर तोही त्यात आला, ‘अहो आपलाच आहे’ चालत नाही.

पैसे किती लागतात?

आकडा सांगत नाही कारण प्रत्येकाच्या जागेवर आहे, पण पैसा कुठे जातो ते सांगते. टेंटमध्ये नाही जात. संडास-बाथरूम, सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी, पंप, इन्व्हर्टर, गाद्या आणि त्या वाळवायला जागा, यात जातो. पाणी तर विचारूच नका. भंडारदरा धरण ११ टीएमसीचं, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, पण ते पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली बागायतीला जातं आणि एप्रिल-मेमध्ये धरणाच्या उशाशी असलेल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन हिंडतात. पाहुण्याला समोर एवढं पाणी दिसत असताना बादली जपून वापरा सांगणं अवघड जातं, तरी सांगायचं.

टेंटबद्दल एकच, स्वस्तातला घेतला तर पावसाच्या आधी उन्हानेच जातो. कापड विटतं, मग चेन अडकते, आणि चेन अडकलेला टेंट आम्ही कोणालाच देत नाही, का ते खाली सापाच्या प्रश्नात आहे.

नोकरी कधी सोडावी? ग्रॅच्युइटी वगैरे मिळते का?

कॅम्पचा एक अख्खा पावसाळा नोकरीत असतानाच काढा, सुट्ट्या टाकून. उन्हाळी सुट्टीतला एक वीकेंड बघून राजीनामा देऊ नका.

ग्रॅच्युइटीला साधारण कामगाराला सलग पाच वर्षं लागतात, पण श्रमजीवी पत्रकारांसाठी सोशल सिक्युरिटी कोडमध्ये ती अट तीन वर्षांची आहे. हे एचआरवाले आपणहून सांगत नाहीत. राजीनाम्याबरोबरच अनुभवाचं पत्र, शेवटच्या स्लिपा, नेमणुकीची पत्रं सगळं घेऊन ठेवा. सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना ज्येष्ठ पत्रकारांना आहे, तिला पत्रकारितेतली वर्षं मोजतात, तुमची वर्षं थोडक्यात कमी पडत असतील तर आधी हिशोब करा आणि मगच बाहेर पडा. अधिस्वीकृती कार्ड (सरकारने दिलेलं पत्रकाराचं कार्ड) असेल तर ते परत करायचं असतं, एसटीच्या सवलतीसाठी खिशात ठेवायचं नसतं.

पत्रकारितेतलं इथे काय उपयोगी पडतं?

खूप. फोनवर माणूस ओळखणं हे पहिलं. बुकिंगचा फोन आला की मी अजूनही बातमी घेतल्यासारखीच घेते. किती जण, कोण कोण, लहान मुलं किती वर्षांची, गाडी कोणती, निघणार किती वाजता. ‘आम्ही फॅमिलीच आहोत, आठ जण’ म्हणणाऱ्याला मुलांसाठी दूध लागेल का विचारलं की तिकडे दोन सेकंद शांतता पसरते, आणि मग कळतं की आठही जण एकाच हॉस्टेलचे आहेत.

दुसरं म्हणजे खातरजमा. जुलैत पाऊस धरला की व्हॉट्सअपवर दर तासाला काहीतरी फिरतं, दरड कोसळली, रस्ता बंद, धरणातून पाणी सोडलं. पाहुणे घाबरून फोन करतात. मी तिघांना फोन लावते, राजूरहून येणारा दूधवाला, पोलीस पाटील आणि घाटाच्या तोंडावरचा हॉटेलवाला. तिघं एकच सांगत असतील तर पाहुण्यांना सांगते. एकाकडूनच कळलं असेल तर ‘कन्फर्म नाही’ एवढंच सांगते आणि शंका असली तर येऊ नका सांगते, पैसे परत गेले तरी चालतील.

तिसरं, रात्री जागायची सवय. अडीच वाजता पोराला ताप आला म्हणून कोणी दार वाजवलं तर मी जागीच असते, बाकी घर झोपलेलं असतं.

आणि काय अडतं?

बाहेर उभं राहून बघायची सवय. रिपोर्टर म्हणून ग्रामसभेला जायचे तेव्हा मागच्या बाकावर बसून दोन्ही बाजू लिहून घ्यायच्या आणि निघायचं. आता त्याच ग्रामसभेत माझ्या कॅम्पच्या कचऱ्यावर प्रश्न विचारला जातो आणि उत्तर मलाच द्यायचं असतं. दोन्ही बाजू मांडून चालत नाही, माझी एक बाजू आहे आणि ती कधीकधी चुकीचीही असते. ‘मॅडमना सगळं माहिती’ असं म्हणून लोक गप्प बसतात तेही काही खरं नाही, गप्प बसलेला माणूस नंतर रस्ता अडवतो. चहाला जाऊन बसावं लागतं, लग्नाला-दहाव्याला जावं लागतं, तिथे वही काढायची नाही.

पैसे मागायची लाज हेही एक आहे. आयुष्यभर पगार बँकेत आलेला, समोरच्या माणसाला ‘आधी अर्धे भरा’ म्हणायला जीभ वळत नाही. वळवा.

लिखाण सुटलं का? फ्रीलान्स करता येतं का?

करता येतं, मी करते, पण हद्द ठरवून. भंडारदऱ्याचं पर्यटन, इथलं वनखातं, शेजारचे कॅम्प, धरणाचं पाणी, यावर मी बायलाइनने (स्वतःच्या नावाने) लिहीत नाही, कारण माझा धंदा त्यात अडकलाय. शेतीवर, पुस्तकांवर, शिक्षणावर लिहिते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून देशी बियाण्यांवर लेख मागणारे खूप येतात, तो लेख मी आनंदाने देते, पण त्यात ‘आमच्याकडेही काळभाताचा भात मिळतो’ असं घुसडत नाही. जुन्या सहकाऱ्याने पुरवणीत कॅम्पवर लिहायचं म्हटलं तर मी त्याला राहण्या-जेवणाचं बिल देते आणि आमची जुनी ओळख आहे हे लेखात लिहायला लावते. ते नसेल तर जाहिरात द्या, सरळ पैसे भरून.

गाडीवर प्रेसचा स्टिकर ठेवावा का?

काढा.

सीझन कसा असतो? वर्षभर चालतं का?

नाही चालत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी आणि आकाश, तेव्हा टेंटला खरी मजा. मार्च-एप्रिल रिकामे. मेअखेर ते जूनचा मधला भाग काजवे. मग जुलै-ऑगस्ट धबधबे, घाटघरच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की टेंट हा शब्दच काढायचा नाही, तेव्हा खोल्या आणि पडवी. सप्टेंबर-ऑक्टोबरला कळसूबाईच्या उतारावर सोनकी पिवळी होते, १६४६ मीटरचं राज्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून ट्रेकर्स येतात, ते पहाटे दोनला उठून निघतात आणि त्यांना नाश्ता अकराला लागतो. भातलावणीच्या आठवड्यात आम्ही बुकिंगच बंद ठेवतो, कारण सगळे हात खाचरात असतात.

काजव्यांच्या वेळी या धंद्यात खरंच पैसा आहे का?

आहे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नासधूस त्याच तीन आठवड्यांत होते. काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर बसतात आणि अख्खं झाड एका लयीत उघडमीट करतं. तो उजेड नर-मादीचं बोलणं असतं, त्यात गाडीचा हेडलाइट पडला की झाड विझतं. शनिवारी रात्री शेकडो गाड्या एकामागे एक, प्रत्येकाचा मोबाइल टॉर्च चालू, हे मी बघितलंय. अभयारण्यात वनखातं प्रवेश फी घेतं आणि रात्री ठराविक वेळेलाच सोडतं, ते नियम दरवर्षी नव्याने विचारून घ्या.

आमच्याकडे नियम असा की गाडी कॅम्पवरच राहते, दीर पुढे चालतात, त्यांच्या हातात लाल जिलेटीन पेपर लावलेली एक बॅटरी, बाकी कोणाचीही पेटवायची नाही, आणि पोराने काजवा बाटलीत भरला तर तो तिथेच सोडायला लावतात. फ्लॅश मारणाऱ्याला दीर काही बोलत नाहीत, नुसते थांबतात आणि बॅटरी विझवून उभे राहतात. त्या अंधारात बाकीची मंडळीच त्याला झापतात. शनिवारपेक्षा मंगळवारी दर कमी ठेवले की गर्दी थोडी वाटली जाते, एवढं आपल्या हातात आहे.

साप-विंचवाचं काय? लहान मुलं घेऊन यायला भीती वाटते.

साप आहेत, शेत आहे म्हटल्यावर असणारच. मला सगळ्यात भीती मण्यारची, कारण ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, नुसतं पोट दुखतंय, गिळता येत नाहीये, पापण्या जड झाल्यात असं सुरू होतं. म्हणून झोपताना टेंटची चेन पूर्ण लावायची, उघड्यावर चटई टाकून झोपायचं नाही, बूट झटकून घालायचे. जेवणाचं खरकटं टेंटपाशी टाकलं की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही, हात-पाय हलवू न देता सरळ दवाखाना आणि १०८. कॅम्प सुरू करताना जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते आणि रात्री डॉक्टर असतो का, हे स्वतः जाऊन विचारून या, सीझनच्या आधी दरवर्षी.

धरणात पोहू देता का?

नाही. लाइफ जॅकेट असलं तरी नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. बॅकवॉटरला तळ सपाट नसतो, गाळ असतो, जुने बांध असतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यातली बरीचशी लहान मुलं होती. पाणी वाढायला काही मिनिटं पुरतात. यावर वाद घालणाऱ्याला आम्ही पैसे परत देऊन पाठवतो.

दारू, डीजे, बॅचलर ग्रुप?

लायसन्स नसताना दारू देणं गुन्हा आहे, आम्ही देत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, आमच्याकडे त्याच्या आधीही नाही. बॅचलर ग्रुप सरसकट नको म्हणणं मला पटत नाही, मुलींचे ग्रुप, ट्रेकर्स, ऑफिसची पोरं सगळे येतात, फक्त फॅमिली म्हणून खोटं सांगून आलेले नको (फोनवर कसं ओळखायचं ते वर आहे). उलट सगळ्यात जास्त गोंधळ घालणारे ग्रुप मी चाळीशीतल्या नवरा-बायकांचे बघितलेत.

वाईट रिव्ह्यू आला तर?

पेपरात असताना चूक झाली की आतल्या पानावर बारीक टायपात खुलासा छापून मोकळं व्हायचं. इथे रिव्ह्यू पहिल्या पानावरच असतो आणि काढता येत नाही. दोन ओळीत उत्तर द्या, संडास घाण होता म्हणाले असतील आणि खरंच असेल तर ‘हो, होता, आता रोज दोनदा साफ होतो’ एवढंच. पाहुण्याला खोटं पाडायला जुने बातमीदार फार उत्सुक असतात, पुराव्यासकट लिहितात, आणि वाचणारा पुढच्या कॅम्पला बुकिंग करतो.

घरातल्यांचं पटतं का? पैसे कसे वाटता?

भांडणं होतात. पण एक गोष्ट सुरुवातीला झाली ती बरी झाली, जाऊबाईंनी स्वतःच सांगितलं की मी घरची म्हणून राबणार नाही, ताटामागे पैसे पाहिजेत. सासूबाईंना आधी विचित्र वाटलं, घरातल्या सुनेने सासरी मजुरी घ्यायची म्हणजे काय. आता त्यांनाही ताटामागे मिळतात आणि महिनाअखेरीला दोघी माझी वही तपासतात, एक ताट कमी धरलेलं चालत नाही. बाकी नफा आधी सातबाऱ्यावरच्या हिश्शाप्रमाणे (वर संमतीच्या प्रश्नात आहे) आणि मग काम करणाऱ्यांत. शेताचा खर्च आणि कॅम्पचा खर्च एकत्र करू नका, खताची गोणी कॅम्पच्या पैशातून आली की पुढे सगळंच एकात एक जातं.

घरात सुतक आलं, लग्न आलं किंवा कोणी आजारी पडलं तर बुकिंगचं काय करता?

हा प्रश्न फक्त घरचा धंदा करणारेच विचारतात. सुतकात आमच्याकडे चूल पाहुण्यांसाठी पेटत नाही, सासूबाईंपुढे कोणाचं काही चालत नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या एका कॅम्पशी ठरलंय, तसा प्रसंग आला की पाहुणे त्यांच्याकडे जातात, दरातला फरक आम्ही भरतो, आणि त्यांच्याकडे काही असलं की उलटं. पाहुण्याला कारण खरं सांगायचं, लोक समजून घेतात, आणि ज्याला नसेल समजून घ्यायचं त्याला पूर्ण परतावा.

एकदा येऊन सगळं बघितलं, बोललो तर चालेल का?

चालेल, पण शनिवार-रविवार नको, तेव्हा मला बोलायला वेळ नसतो. मंगळवारी किंवा बुधवारी या, एक रात्र राहा, पूर्ण पैसे भरून राहा, पत्रकारांना सवलत नाही. येताना तुमचा सातबारा आणि गटाचा नकाशा असेल तर घेऊन या.